सोलर वॉटर हीटर: काचेच्या नळ्या की तांब्याची पेटी?

जगात घरोघरी पाणी तापवणाऱ्या सोलरचे मुख्य प्रकार दोन. चीन ही या धंद्यातली सर्वांत मोठी बाजारपेठ, आणि तिथे वर्षानुवर्षे राज्य केलं ते काचेच्या नळ्यांनी. युरोपात आणि इस्रायलमध्ये मात्र सपाट पेटी. इस्रायलने तर 1980 पासून नव्या घरांना सोलर सक्तीचा केला.

नळी म्हणजे थर्मासच. दुहेरी काच, मधली हवा काढलेली. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही आतली उष्णता बाहेर निसटत नाही, आणि किंमतही कमी. आपल्याकडच्या गच्च्यांवरही आता जास्त करून ह्याच दिसतात. पण आमच्या शेजारी चेंडू लागून एक नळी फुटली, नि बघता बघता सगळी टाकी गच्चीवर रिकामी झाली. साध्या सिस्टीममध्ये पाणी थेट नळीतच असतं, हे घेताना कुणी सांगत नाही. सांगायला हवं!

पेटीत काळा पत्रा, त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या, वर जाड टफन काच. मजबूत, प्रेशर सोसणारी, पण महाग. आणि बोअरचं पाणी असेल तर त्या बारीक नळ्यांत क्षार धरतो. साफ करायचं म्हणजे अ‍ॅसिड फिरवावं लागतं. काचेची नळी उपसून ब्रशने धुता येते.

म्हणून बोअरच्या पाण्यावर मी नळ्याच घेईन, वर जाळी टाकून. पाणी गोडं आणि प्रेशर पंप असेल, तर पेटीवर थोडे जास्त पैसे घालावेत.