गिऱ्हाईक हात लावतं: तिथंच सुनवायचं की लेखी तक्रार?
मावसबहीण साडीच्या दुकानात सेल्सला आहे, पदर उलगडून दाखवताना एक गिऱ्हाईक मुद्दाम तिची बोटं दाबतं, म्हणाली ताई काय करू.

तिथंच मोठ्याने "हात बाजूला घ्या" म्हटलं की त्रास त्या मिनिटाला थांबतो, पुरावा लागत नाही, पण नंतर शेठ तुलाच ओरडणार आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात परत हजर.

लेखी तक्रारीला दम लागतो, चौकशीलाच 90 दिवसांची मुदत, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाचं काम आहे, आणि कागद राहतो. तक्रार 3 महिन्यांत करायची, दुकानात 10 पेक्षा कमी माणसं असली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

एकदाच आलेल्याला तिथंच सुनव. नेहमीच्याला लेखीच, तारीख-वेळ त्याच रात्री लिहून ठेव आणि सीसीटीव्ही फुटेज लगेच माग, ते पुसलं जातं गं.