२५० मिलिग्रॅमची उल्का मागवली, भरली २३१

गुजरीत सोन्याच्या कामात माझी तीस वर्षं गेली. त्यामुळं घरात काहीही आलं की आधी काट्यावर जातं. ऑनलाइन मागवलेला मर्चिसन उल्केचा तुकडाही गेला. कुपीवर २५० मिलिग्रॅम छापलेलं, काट्यावर २३१. साडेचार हजार मोजून १९ मिलिग्रॅमची घट! आमच्या गिऱ्हाइकानं एव्हाना दुकान डोक्यावर घेतलं असतं. विकणाऱ्याला मेसेज टाकलाय, उत्तर नाही.

पॅकिंग बरं. सोबतचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता रंगीत कागद. दगड मर्चिसनचाच का, हे कसोटीवर घासून कळत नाही, तेव्हा विश्वास ठेवायचा. दिसायला कोळशाचा खडा. भिंगातून बारीक गोल दाणे दिसले, एक पांढरा ठिपकाही. लेक इथंच विद्यापीठात फिजिक्सला आहे. ती म्हणाली, असल्या उल्कांतले पांढरे ठिपके सूर्यमालेत सगळ्यात आधी घट्ट झालेले, ४५६ कोटी वर्षांपूर्वीचे असतात. इथवर पैसे वसूल.

पण जाहिरातीत लिहिलंय, ‘भिंगातून ताऱ्यांची धूळ चमकताना पाहा.’ साफ थाप. ही धूळ म्हणजे सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांकडून आलेले, सिलिकॉन कार्बाइड या कठीण पदार्थाचे कण. बहुतेक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपासचे, तेही किलोभर दगडात काही मिलिग्रॅम. माझ्या तुकड्यात असलेच तर एक-दोन मायक्रोग्रॅम. माझा काटा मिलिग्रॅमच्या खाली बघतच नाही.

मग ते सापडले कसे, हे ऐकून मला हसूच आलं. आमच्या दुकानाचा केर झारेकरी नेतात. धुतात, जाळतात, तेजाबात घालतात. जायचं ते जातं, सोनं उरतं. शिकागोत एडवर्ड अँडर्स या शास्त्रज्ञाच्या गटानं तेच केलं. १९६९ ला ऑस्ट्रेलियात पडलेली ही उल्का एकामागून एक अ‍ॅसिडांत विरघळवत गेले. कशालाच दाद देईना ते शेवटी हातात आलं, १९८७ ला.

ते सूर्याआधीच्या ताऱ्यांचंच कशावरून? तर कस लावला. कार्बनचे हलका आणि जड असे दोन प्रकार, कार्बन-१२ आणि कार्बन-१३. आपल्या सूर्यमालेत त्यांचं प्रमाण साधारण ८९ ला १. या कणांत बहुतेक ठिकाणी ४० ते ८० ला १. हा माल आपल्या सूर्यमालेच्या मुशीतला नाहीच. बराचसा म्हाताऱ्या, फुगलेल्या लाल ताऱ्यांनी बाहेर फेकलेला, थोडा फुटलेल्या ताऱ्यांचा. अवकाशात भटकताना वैश्विक किरणांच्या माऱ्यानं कणांत निऑन वायू साठत जातो, तो मोजून वय काढतात. २०२० ला काही कण ७०० कोटी वर्षांपर्यंतचे निघाले. पृथ्वीवर याहून जुनी घट्ट वस्तू कुणाला सापडलेली नाही.

दगडाला पाच स्टार, दुकानदाराला एक. सरासरी तीन देतो. घेणार असाल तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि लगेच वजन करा. लेक म्हणते, तुकडा फोडून तेजाबात घालून बघूया. म्हटलं, आधी १९ मिलिग्रॅमचे पैसे परत येऊ देत.