चिवट चामखीळ: व्हिटॅमिन एची गोळी, मलम, नायट्रोजन की इंजेक्शन?

दोन-तीन उपचार करूनही चामखीळ जागची हलत नाही म्हटल्यावर कुणीतरी हमखास सुचवतं, "अंगात व्हिटॅमिन ए कमी असेल, गोळ्या सुरू कर." फार्मसीत कॅप्सूल स्वस्तात मिळते, म्हणून हाच मार्ग सर्वांत सोपा वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकते: कमतरता सिद्ध झाल्याशिवाय ही कॅप्सूल गिळू नका. व्हिटॅमिन एच्या जातीचं औषध त्वचेवरून लावणं मात्र वेगळी गोष्ट आहे आणि तिचा विचार जरूर करावा.

शंका अगदीच निराधार नाही. चामखीळ एचपीव्ही विषाणूमुळे होते. तो त्वचेच्या तळच्या पेशींत शिरतो आणि पेशी पक्व होत वर सरकते तसतसा वाढतो. हे पक्व होणं व्हिटॅमिन एच्या ताब्यात असतं, प्रतिकारशक्तीलाही ते लागतं. 2012 मध्ये एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध झाली: हातावर नऊ वर्षं ठाण मांडून बसलेल्या चामखिळी माशाच्या यकृतातलं व्हिटॅमिन ए रोज लावून गेल्या. पण तो एकच रुग्ण होता, आणि औषध वरून लावलेलं होतं, पोटात घेतलेलं नव्हतं.

मग रक्त तपासावं का? रेटिनॉलची (रक्तात फिरणाऱ्या व्हिटॅमिन एची) पातळी डेसिलिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता मानतात. अडचण अशी की यकृतातला साठा बराच संपेपर्यंत रक्तातला आकडा ठीकच दिसतो, आणि तापात किंवा जंतुसंसर्गात तो तात्पुरता घसरतो. त्यामुळे खरी विचारपूस लक्षणांची करायला हवी: संध्याकाळी अंधुक दिसतं का, कोपर-गुडघ्यांवर खरखरीत पुटकुळ्या आहेत का, जुनाट जुलाब किंवा यकृताचा आजार आहे का. यातलं काहीच नसेल आणि घरी तांबडी भाजी, मशिंगाची (शेवग्याची) पानं, भोपळा, पपई, अंडी होत असतील, तर तपासणीवरचे पैसे वाचवा.

कॅप्सूलचा धोका आकड्यांत बघा. प्रौढ स्त्रीची रोजची गरज सुमारे 840 मायक्रोग्रॅम, तर गोळीतून मिळतं तशा तयार व्हिटॅमिन एची सुरक्षित कमाल मर्यादा 3000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 10,000 युनिट. बाजारातली एक कॅप्सूल 25,000 युनिटांची असते. रोज घेतली तर ते यकृतात साठतं. डोकेदुखी, फुटलेले ओठ, केसगळती सुरू होते. गरोदरपणात बाळात व्यंग येऊ शकतं. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईने चामखिळीपायी ही जोखीम मुळीच घेऊ नये. शरीर ज्याचं व्हिटॅमिन ए बनवतं, त्या भाजीतल्या कॅरोटिनने असं होत नाही.

व्हिटॅमिन एच्या जातीची लावायची औषधं म्हणजे ट्रेटिनॉइन आणि अडापलीन. मुलांच्या चेहऱ्यावरच्या, हातांवरच्या चपट्या चामखिळींना ती चांगली मानवतात: डाग राहण्याची भीती कमी, भाजल्याचं दुखणं नाही. त्वचा लाल होते, सोलते आणि कित्येक आठवडे धीर धरावा लागतो. गरोदर असाल तर हीसुद्धा नकोत.

कातडी सोलणारं सॅलिसिलिक अॅसिड की चामखीळ गोठवणारा द्रव नायट्रोजन, याचं उत्तर चामखीळ कुठे आहे यावर ठरतं. 2010 च्या डच चाचणीत हातापायांवरच्या साध्या चामखिळी तेरा आठवड्यांत नायट्रोजनने 49 टक्के रुग्णांच्या गेल्या, अॅसिडने 15 टक्क्यांच्या. तळव्यावर मात्र चित्र वेगळं. 2011 च्या ब्रिटिश चाचणीत बारा आठवड्यांनी दोन्हींचं यश सारखंच, 14 टक्के. म्हणून तळव्यासाठी मी आधी घरचं अॅसिड निवडेन, पण ते नीट करायला हवं. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, पांढरी मऊ साल कानशीने घासायची, भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावायचं, मग चामखिळीवरच थेंब. ती कानस दुसरीकडे वापरायची नाही, घरात दुसऱ्याला द्यायची नाही. गोव्याच्या पावसाळ्यात पाय दिवसभर ओले राहतात, पट्टी टिकत नाही; तेव्हा लावणं रात्रीच जमतं. मधुमेह असेल तर पायावर अॅसिड डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

चामखिळी पुष्कळ असतील आणि सगळं करून थकला असाल, तर त्वचारोगतज्ज्ञांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीच्या इंजेक्शनबद्दल विचारा. सर्वांत मोठ्या चामखिळीत थोडी लस टोचतात, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही वेळा. लशीने प्रतिकारशक्ती जागी होऊन शरीराला चामखिळीच्या विषाणूची ओळख पटली की दूरच्या, न टोचलेल्याही जाऊ शकतात. चिवट चामखिळींसाठी मला हाच पर्याय सर्वांत पटतो. टोचताना दुखतं, नंतर एखादा दिवस कणकण येते. लस जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना चालत नाही.

काजूच्या टरफलाचं तेल लावायचा सल्ला आपल्याकडे अजून मिळतो. ते कातडी जाळतं, कित्येकांना फोड येऊन ॲलर्जी होते आणि काळा डाग राहतो. त्यापेक्षा लहान मुलाला काही न करता ठेवणं बरं, कारण मुलांच्या निम्म्या चामखिळी वर्षभरात आपोआप जातात.

गोळी असो वा इंजेक्शन, निवडण्याआधी ती चामखीळच आहे ना, हे बघून घ्या. घासल्यावर काळे ठिपके दिसले आणि बाजूने चिमटल्यावर दुखलं तर बहुधा चामखीळ. वरून दाबल्यावर दुखलं तर कुरूप असू शकतं. पन्नाशीनंतर नव्याने आलेली, रक्त येणारी किंवा न भरणारी गाठ असेल तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या तज्ज्ञांकडे दाखवा आणि तुकडा तपासायला सांगितला तर टाळू नका.