व्हील हाऊसचा अ‍ॅक्सल: नुसतं ग्रीस, नवीन हब, का अख्खा अ‍ॅक्सलच बदलायचा?

मिनेसोटात येऊन दोन-चार हिवाळे काढले की आपल्यातले पण काही जण बर्फावरच्या मासेमारीला लागतात, आधी बादली उलटी टाकून बसायचं, मग तंबू, आणि मग एक दिवस कुणीतरी सेकंडहँड व्हील हाऊस घेतो. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, ही चाकांवरची खोली असते, आत बंक, हीटर, शेगडी आणि जमिनीला भोकं. ट्रकमागे ओढत तळ्यावर न्यायची, विंचनं किंवा हायड्रॉलिकनं चाकं वर घ्यायची, की खोली बर्फावर बसते. वॉलाय मासा मिळो न मिळो, आत पिठलं-भात गरम मिळतो.

यंदा ओळखीच्या दोघांनी तोच प्रश्न विचारला, चाक आवाज करतंय, काय करू? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ह्या घराचा अ‍ॅक्सल मैलांनी मरत नाही, पाण्याने मरतो. बहुतेकांचे वर्षाला हजार-दीड हजार मैल पण होत नाहीत हो. पण प्रवास कसा होतो बघा: हायवेवर दोन तास पळून हब (चाकाचा मधला गड्डा, ज्यात बेअरिंग बसतं) चांगला कोमट झालेला, रस्त्यावरचं मिठाचं पाणी उडतंय, मग तळ्यावर स्लशमधून, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फातून, गाडी काढली की तो थंडगार चिखल थेट हबवर, आतली हवा एकदम आकसते आणि हबच्या मागचं सील (पाणी अडवणारी रबरी कडी) जरा जरी झिजलेलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. वर चाकाच्या खोबणीत स्लश कोंबून बसतो, हीटर चालू झाला की वितळून ठिबकत राहतो. मार्चमध्ये घर परत आणलं की अंगणात उभं ते थेट डिसेंबरपर्यंत. ते आतलं थेंबभर पाणी नऊ महिने एकाच जागी बसून बेअरिंगवर रेघा पाडतं, प्रत्येक रोलर जिथे टेकला होता तिथे एक काळी रेघ. म्हणून बहुतेक लोक नोव्हेंबरमध्ये सर्व्हिसिंग करतात ते मला उलटं वाटतं, एप्रिलमध्येच करा, पाणी बाहेर काढून मग उन्हाळाभर उभं ठेवा.

आता वंगणाचं. गावाकडे बैलगाडीच्या आसाला वंगण लागायचं तेच हे, फक्त इथे तीन पद्धती आहेत.

पहिली, चाक उतरवून बेअरिंग बाहेर काढायचं, धुवायचं, नवीन ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या मधे दाबून भरायचं, नवीन सील ठोकायचं. अ‍ॅक्सल बनवणारी डेक्स्टर कंपनी आपल्या अ‍ॅक्सलसाठी १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते, असं सांगते. आपल्याला अर्थात १२ महिनेच लागू. दोन चाकांना एक दुपार जाते, कपडे खराब होतात, बायको बोलते. पण बेअरिंग डोळ्याने दिसतं आणि हाच खरा फायदा.

दुसरी, स्पिंडल, म्हणजे ज्या दांड्यावर हब फिरतो, त्याच्या टोकाला ग्रीसचं निप्पल असतं तिथे गन लावून पंप करायचं. ग्रीस स्पिंडलच्या आतल्या भोकातून मागे जातं, आतलं बेअरिंग, मग बाहेरचं, असं करत जुनं ग्रीस पुढून बाहेर येतं. दहा मिनिटांचं काम. पण हे काम थंडीत, घट्ट झालेल्या ग्रीसने, घाईघाईत केलं की मागचं सील फुटतं आणि ग्रीस ब्रेकच्या शूजवर जातं, मग ब्रेक गेला. हळू पंप करा, चाक फिरवत राहा, हाताची गन वापरा, हवेची नको. आणि रोलर कसे आहेत ते तुम्हाला कधीच दिसत नाही. सीझनच्या मधे एकदा मारायला ठीक, पण दरवर्षीच्या रिपॅकला, म्हणजे बेअरिंग काढून धुऊन भरण्याला, हा पर्याय नाही, मी स्वतः पहिली दोन वर्षं असं समजून फसलो.

तिसरी, ऑइलवाला हब. झाकण पारदर्शक, आत तेल दुधाळ दिसलं की पाणी शिरलं हे लगेच कळतं, मस्त. पण सील जरा फाटलं की तेल सगळं निघून जातं आणि बेअरिंग कोरडं पडतं, ग्रीस निदान चिकटून तरी राहतं. शिवाय नऊ महिने उभ्या गाडीत वरच्या रोलरवरून तेल खाली उतरलेलं असतं. रोज पळणाऱ्या ट्रकला ऑइल छान, ह्या घराला मी लावणार नाही.

ग्रीस कुठलं? लिथियम कॉम्प्लेक्स, नंबर २, चालतं. फक्त आधी वेगळ्या जातीचं भरलेलं असेल, उदाहरणार्थ पॉलियुरिया, तर त्यात मिसळू नका, पातळ होऊन वाहू शकतात. आधी काय भरलं होतं माहीत नसेल तर पूर्ण धुऊन काढा.

बरं, समजा बिघडलंच. आता नुसतं बेअरिंग बदलू का पूर्ण हब?

बेअरिंगचं किट स्वस्त. पण बेअरिंग म्हणजे नुसता रोलरचा भाग नाही, हबमध्ये ठोकलेली रेस, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात ती कडी, पण त्याचीच जोडीदार, ती जुनी ठेवून नवीन रोलर बसवणं म्हणजे नव्या नवरीला जुना संसार, टिकत नाही. रेस काढायला पितळी पंच आणि हातोडी, बसवताना सरळ बसली पाहिजे, तिरकी गेली की सगळं पुन्हा. घरी गॅरेजमध्ये हे आरामात जमतं. उणे २० फॅरनहाइटला रस्त्याच्या कडेला, हातमोजे काढून, टॉर्च दातात धरून? मी एकदा केलंय आणि अर्ध्यात सोडून टो ट्रक बोलावलाय.

म्हणून माझं मत, घरी बेअरिंग बदला, गाडीत मात्र तयार हब ठेवा. रेस ठोकलेला, ग्रीस भरलेला, सील लावलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका बादलीत, सोबत कॉटर पिन (नट सैल होऊ नये म्हणून घालायची), जॅक, पाना. बिघडलं की जुना हब काढायचा, नवा सरकवायचा, स्पिंडलचा नट घट्ट करताना हब फिरवत राहायचं म्हणजे रोलर नीट बसतात, मग नट पूर्ण सैल करून फक्त बोटांनी घट्ट, आणि पिन. नट आवळून ठेवू नका, बेअरिंग त्यानेच जळतं. किंमत किटच्या तिप्पट-चौपट पडते पण टो ट्रकचे पैसे वाचले की वसूल.

घेताना मापं बघा. ३,५०० पाउंडच्या अ‍ॅक्सलवर सहसा आतलं एल-६८१४९ आणि बाहेरचं एल-४४६४९ असतं, पण सहसा म्हणजे नेहमी नाही, तुमच्या बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून मगच ऑर्डर द्या. चाकाचे बोल्ट ५ आहेत का ६ तेही. आणि ब्रेक असेल तर हब आणि ड्रम एकाच तुकड्यात येतात, मग स्पेअरही ड्रमसकटच घ्यावा लागतो, जड पडतो, काय करणार.

चाकाचे स्टड (बोल्ट) अर्धा इंची असतील तर लग नट, म्हणजे चाकाचे नट, ९० ते १२० फूट-पाउंडने आवळा, आणि चाक काढून लावल्यावर १०, २५, ५० मैलांवर परत तपासा. हे कुणीही करत नाही. करा.

हब काढल्यावर स्पिंडल जर निळा पडलेला दिसला, किंवा बेअरिंग स्पिंडलवरच फिरून खाच पाडलेली असेल, तर हब बदलून काही होत नाही. बारीक गंज असेल तर एमरी पेपरने घासून चालून जातं. खोल खाच असेल तर तिथे खरा निर्णय घ्यावा लागतो, आणि तो तुमच्या घराखाली काय आहे त्यावर.

बऱ्याच जुन्या घरांना सस्पेन्शनच नसतं, लोखंडी हात फ्रेमला पिव्होटवर (तो वर-खाली फिरतो त्या सांध्यावर) लावलेला आणि टोकाला स्पिंडल वेल्ड केलेला. रस्त्यावर आतली कपाटं खिळखिळी होतात, पण गावातला चांगला वेल्डर जुना स्पिंडल कापून नवा लावून देतो, एका दिवसात. सरळ लावला पाहिजे मात्र, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जातो. दुसरा प्रकार टॉर्शन, त्यात ट्यूबमध्ये रबराच्या दांड्या असतात, चाल मऊ, सामान शाबूत. पण रबर कालांतराने बसतं, हात खाली येतो, टायर खोबणीला घासायला लागतो, आणि ते रबर काही रिपेअर होत नाही. तिथे वेल्डिंग पण करायचं नाही, उष्णतेने आतलं रबर जातं. म्हणजे तो पूर्ण भाग नवीन, आणि एकच बाजू बदलली तर घर तिरकं उभं राहतं म्हणून दोन्ही. खिशाला चांगलाच खड्डा.

मग काय घ्यावं? महिन्यात दोनदा मिल लॅक्सला जाऊन येणाऱ्याला, म्हणजे मिनिआपोलिसपासून साधारण शंभर मैल, साधा हात पुरतो. लेक ऑफ द वूड्सपर्यंत, एका बाजूला साडेचार-पाच तास, दर वीकेंडला मुलांना घेऊन जाणार असाल तर टॉर्शनच, कुरकुर न करता.

दोन्हीत पिव्होटचे बुशिंग (सांध्यातली झिजणारी नळी) मात्र विसरू नका, तिथेही निप्पल असतं, सीझनआधी ग्रीस मारा. आणि ओढताना लॉकिंग पिन लागलीच पाहिजे, अख्खं घर विंचच्या केबलवर लटकवून हायवेवर जाऊ नका.

ब्रेकवाल्यांसाठी अजून एक. ओले ब्रेक रात्री ड्रमला गोठून चिकटतात, सकाळी ओढलं की चाक फिरतच नाही, पण बर्फावर ते गुपचूप घसरत येतं, काही आवाज नाही. डांबरी रस्त्यावर आलात की टायर चपटा झालेला कळतो. निघताना दहा फूट ओढून, उतरून, दोन्ही चाकं फिरली का ते बघा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी बघायला जाताना जॅक न्या, चाक उचला, वर-खाली धरून हलवा, फिरवून कान लावा, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ आहेत का बघा. विकणारा हमखास म्हणतो दरवर्षी ग्रीस मारलंय. त्याला म्हणा, बरं, मग झाकण काढून दाखवा.