क्लासिक ३५० की हिमालयन ४५०?

चिपळूणहून रोज लोट्याला कामावर जायचं आणि सुट्टीत गोवा, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड. एवढ्यासाठी पहिली मोठी गाडी घेणाऱ्या आमच्या भाच्यापुढे रॉयल एनफिल्डच्याच दोन गाड्या उरल्यात.

वजनात फरक नाही, दोन्ही १९५ किलोच्या आसपास. पाय टेकण्यात मात्र आहे. क्लासिकची सीट ८०५ मिमी, हिमालयनची कंपनीच्या मूळ सीटवर कमीत कमी ८२५. दाभोळच्या फेरीबोटीच्या ओल्या उतारावर गाडी तोलताना हे २० मिमी बरोब्बर कळतात.

खर्चात क्लासिक सरळ पुढे. ३४९ सीसीमुळे सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के. ४५२ सीसीच्या हिमालयनवर ४०. शिवाय हिमालयनचं इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर आणि त्यातलं कूलंट सांभाळणं आलं.

पण ताकद हिमालयनची दुप्पट, ४० पीएस (अश्वशक्ती) विरुद्ध २०. मागे माणूस, बाजूला सामान, पुढे कुंभार्लीत रांगणारा ट्रक, तेव्हा ही ताकद चैन वाटत नाही. श्रावणापर्यंत रस्त्यांची जी चाळण होते, तिच्यावर २१ इंची पुढचं चाक आणि २३० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, कामी येतो. क्लासिकचा १७०. टाकीही १७ लिटरची, क्लासिकची १३.

गंज दोघींनाही सोडत नाही. खाऱ्या वाऱ्यात क्लासिकचं क्रोम जास्त पुसावं लागेल, इतकंच.

रोजची नोकरी आणि वर्षाकाठी एखाददुसरी सहल असेल तर क्लासिक घ्यावी. दर महिन्याला घाट चढायचा असेल, उंची आणि खिसा दोन्ही साथ देत असतील, तर हिमालयन. भाचा बुटका आहे, त्याला मी क्लासिकच सांगितली. ऐकेलसं दिसत नाही.