जुनी पीसीपी घेताय? रेग्युलेटर असलेली आणि नसलेली: ओळखायची कशी, घ्यायची कोणती

जुनी पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, एअर रायफल विकायला काढलेला माणूस किमतीच्या आधी एक वाक्य टाकतो: "रेग्युलेटरवाली आहे बरं का." रेग्युलेटर म्हणजे प्रत्येक छर्र्याला सारखाच दाब मिळावा म्हणून आत बसवलेला भाग. त्या एका शब्दावर भाव चढतो. लातूर-परभणीकडच्या गिऱ्हाइकाची पंचाईत अशी की, बंदूक उघडून दाखवणारा जाणता कारागीर जवळपास सापडत नाही. म्हणून न उघडता ओळखता आलं पाहिजे, आणि ओळखल्यावर आपल्याला ते खरंच हवंय का, हेही बघितलं पाहिजे.

नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन या वादात येतच नाही. तिच्यात साठवलेली हवा नसते, मग रेग्युलेटर आवरणार काय? तिलाही रेग्युलेटर आहे असं कोणी सांगत असेल तर चहा घेऊन निघावं.

पीसीपीत हवा सिलिंडरमध्ये साठवलेली असते, साधारण २०० बार (बार हे दाबाचं माप), काहींत ३००. बिनरेग्युलेटरच्या रायफलीत हा सगळा दाब थेट व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेवर, बसतो. सिलिंडर गच्च भरलेला असताना व्हॉल्व्ह इतका घट्ट दाबलेला असतो की हॅमरच्या (घोडा ओढल्यावर सुटणाऱ्या हातोडीच्या) ठोक्याने तो जेमतेम उघडतो आणि लगेच मिटतो, म्हणून छर्रा हळू जातो. दाब उतरला की व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि वेग वाढतो. मग हवाच कमी पडते आणि वेग घसरतो. रेग्युलेटरवालीत सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक छोटा पिस्टन आणि वाटीसारख्या वॉशरांची चळत असते. पुढच्या कप्प्यात ठरलेला दाब, समजा १२० बार, भरला की पिस्टन हवेची वाट बंद करतो. मागे २०० असो की १५०, व्हॉल्व्हला १२०च मिळतात.

हा फरक क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, स्वच्छ दिसतो. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या रायफलीचे वेगळे येतील, चाल मात्र हीच राहील.

| सिलिंडरचा दाब (बार) | बिनरेग्युलेटर (मी./सेकंद) | रेग्युलेटर, १२० बारवर (मी./सेकंद) |
|---|---|---|
| २०० | २२६ | २४१ |
| १८० | २३४ | २४२ |
| १६० | २४२ | २४१ |
| १४० | २४३ | २४२ |
| १२० | २३५ | २४० |
| १०० | २२१ | २२८ |

डावीकडे टेकाड आहे. उजवीकडे सपाट रान आणि शेवटी एकदम उतार. ओळखायची खात्रीची खूण हीच, बाकीच्या सगळ्या खुणा हिच्या खालच्या.

पण यातही मेख आहे. डावीकडच्या १६० आणि १४० च्या ओळी परत बघा. विकणाऱ्याने सिलिंडर १६० पर्यंतच भरला आणि दहा छर्रे मारून दाखवले, तर बिनरेग्युलेटरची रायफलही सपाट दिसते. तेव्हा कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत पूर्ण भरायला लावा आणि वेग पडेपर्यंत मारा. "एवढे छर्रे कशाला वाया घालवता" असं म्हणणाऱ्याला छर्र्यांची डबी आपल्या खिशातून द्यावी. उलट बाजूची फसगतही होते. रेग्युलेटर १२० वर लावलेला आणि सिलिंडर ११० पर्यंतच भरलेला असेल, तर रेग्युलेटरला कामच नसतं, आणि चांगली रायफल बिनरेग्युलेटरसारखी वागते.

क्रोनोग्राफ नसेल तर लोक गेज (दाब दाखवणारी काट्यांची घड्याळं) मोजतात: दोन गेज म्हणजे रेग्युलेटर, एक म्हणजे नाही. यातलं पहिलं अर्धं बहुतेक वेळा बरोबर आहे. दुसऱ्याचा भरवसा धरू नका. १० मीटरच्या स्पर्धेत दिसणाऱ्या वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ या पीसीपी रायफलींना सिलिंडरच्या टोकाला एकच गेज असतो, तरी त्या रेग्युलेटरवाल्याच असतात. रेग्युलेटर आत बसवलेला असतो, इतकंच.

दोन गेज असतील तर रिकाम्या रायफलीत सावकाश हवा भरताना दोन्ही काट्यांवर नजर ठेवा. सुरुवातीला दोघे बरोबरीने चढतात. मग एक १२० किंवा १३० ला थबकतो आणि दुसरा पुढे सरकत राहतो. भरून झाल्यावर एक छर्रा मारा. थबकलेला काटा किंचित खाली येऊन लगेच जागेवर गेला पाहिजे. दोन्ही काटे २०० पर्यंत हातात हात घालून गेले, तर एकतर दुसरा गेज शोभेचा आहे किंवा रेग्युलेटर हवा अडवत नाही.

बऱ्याच मॉडेलांत सिलिंडरच्या नळीवर टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, जिथे भोकाचं दुसरं काही कारण दिसत नाही अशा जागी. रेग्युलेटरच्या पिस्टनमागची वॉशरांची जागा बाहेरच्या हवेला मोकळी ठेवावी लागते, त्यासाठी ते असतं. भोक दिसलं की साबणाच्या पाण्याचा एक थेंब लावा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर आहे खरा, पण त्याची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेलेली आहे. किंमत तिथूनच खाली बोला. काही रायफलींत भोक दस्त्याखाली झाकलेलं असतं, म्हणून ते दिसलं नाही एवढ्यावरून निकाल देऊ नये. आणि दाब भरलेला असताना कुठलाही स्क्रू सैल करायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

ओ-रिंग शाबूत असली तरी रेग्युलेटर आतून पाझरणारा असू शकतो. रायफल भरून रात्रभर ठेवा. सकाळचा पहिला छर्रा बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगळ्या वेगाने गेला, तर कप्प्यातला दाब रात्रीतून चढलाय. अशी रायफल साध्या बिनरेग्युलेटरपेक्षा वाईट, कारण पहिल्या छर्र्याचा भरवसा नाही आणि दुरुस्तीचा खर्च डोक्यावर.

आता घ्यायची कोणती? १० मीटरची स्पर्धा खेळायची असेल तर रेग्युलेटरवालीच. तिथे छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने जातो. तो १७० वर आला तर १० मीटरवर सुमारे १ मिलिमीटर खाली पडतो. ऐकायला काहीच नाही, पण दहा गुणांचा ठिपकाच ०.५ मिलिमीटरचा असतो आणि दशांशात मोजताना त्या एका मिलिमीटरला ०.४ गुण जातात. पात्रता फेरी ६० छर्र्यांची. उपकरणापायी गुण घालवून बालेवाडीहून परत यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

शेतावर, मोकळ्या जागेत, मागे मातीचा बांध धरून २५ मीटरवर डबे पाडायचे असतील तर बिनरेग्युलेटर घ्या, असं माझं मत. सेकंदाला २४० आणि २३० मीटर वेगांमुळे पडणारा फरक तिथे जेमतेम अर्धा सेंटिमीटर, आणि डब्याला त्याचं सोयरसुतक नाही. सुटे भाग कमी, बिघाड कमी. टेकाडाचा मधला भाग शोधून १७० ते १३० एवढ्याच पट्ट्यात वापरली तर ती बऱ्यापैकी सपाट मारते. हातपंपाने भरणाऱ्याला हे आणखी सोयीचं, कारण २०० च्या जवळचे शेवटचे हिसके दंड मोडतात.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेबही धरा. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशाला सुमारे २१३ बार होतो. मे महिन्यात नांदेड-परभणीत बंद गाडीत ठेवलेली रायफल याहून तापते. बिनरेग्युलेटरची तेव्हा टेकाडाच्या चुकीच्या बाजूला जाऊन हळू मारते, रेग्युलेटरवालीला हा चढ फारसा जाणवत नाही. भरताना १५-२० बार कमी ठेवणं दोघींनाही बरं.

कायद्याचं एका दमात: शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येत नाही, रेग्युलेटर असो वा नसो. जालन्याकडे मोसंबीच्या बागेतली वानरं हाकलायला म्हणून कोणी घेत असेल, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. फटाके वाजवा.

विकणारा पूर्ण भरून, वेग पडेपर्यंत मारू देत नसेल तर बिनरेग्युलेटरच्या भावाने मागा. देत असेल, तर सौदा करण्याआधी सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या सिलिंडरला ठरलेली मुदत असते, बहुतेकदा बनवल्यापासून दहा वर्षांची, आणि नवा सिलिंडर स्वस्तात येत नाही.