गड्ड्यानंतर समुद्र बघायचाय: कोची की पुदुच्चेरी?

"दाजी, पोरांनी अजून समुद्र बघितला नाही. गड्डा आटोपला की निघायचं म्हणतोय. कोची करू का पाँडिचेरी?" धाकट्या मेहुण्याचा फोन आला. बरोबर दोन पोरं आणि गुडघे धरलेल्या सासूबाई. दोन्ही शहरं मी एकापेक्षा जास्त वेळा बघितली आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. सोलापुरातून निघणाऱ्या बऱ्याच घरांचा प्रश्न हाच असतो. गड्डा म्हणजे आमच्याकडे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा.

आधी पावसाचं बोलू, कारण आपल्याकडचे लोक इथेच फसतात. दिवाळीची सुट्टी लागली की पाँडिचेरीचं बुकिंग करतात. आपला पाऊस तोवर संपलेला असतो, पण तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. परतीचा मोसमी वारा बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन येतो आणि त्याच दिवसांत वादळंही येतात. 30 नोव्हेंबर 2024 ला फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्याला लागलं आणि चोवीस तासांत 450 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. सोलापुरात अख्ख्या पावसाळ्यात जेवढा पडतो त्याच्या अर्ध्याहून जास्त एका दिवसात. कोची अरबी समुद्रावर, त्यामुळे तिथे जून ते ऑगस्ट धो धो. वर्षभराचा पाऊस आपल्या चौपटीहून जास्त, साधारण तीन हजार मिलिमीटर. जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी मात्र दोन्हीकडे चांगला. संक्रांतीला यात्रेतले नंदीध्वज सोडून सोलापूरकर कुठे जात नाही, त्यामुळे गड्ड्यानंतरचा मुहूर्त आपोआपच योग्य पडतो.

उकाड्याची तयारी ठेवा. आपलं ऊन चटका देतं, पण सावलीत गेलं की सुटका होते. तिथे सावलीतही घाम वाळत नाही. सुती कपडे दुप्पट न्या.

आता कोची. हे शहर एका पुराने घडवलं असं म्हणतात. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिस हे जुनं बंदर गाळाने भरलं आणि पाण्याने दक्षिणेला कोचीजवळ समुद्राकडे नवी वाट काढली. मिरीचा व्यापार तिकडे सरकला आणि मिरीच्या मागे सगळं जग आलं. 1500 मध्ये पोर्तुगीज, 1663 मध्ये डच, 1795 मध्ये इंग्रज. वास्को द गामा 1524 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी इथेच वारला. फोर्ट कोचीच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं. अवशेष पुढे लिस्बनला नेले, पण ती जागा अजून दाखवतात.

तिथून मट्टनचेरीत जा. पोर्तुगीजांनी राजाला बांधून दिलेला, डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा तिथे आहे. त्याच्या भिंतींवरची रामायणाची चित्रं बघायला दोन तास काढाच. मागच्या बाजूला 1568 चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. चपला बाहेर काढून आत गेलं की पायाखाली चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. माझ्या मुलीने उकिडवं बसून दोन सारख्या शोधायचा हट्ट धरला होता, नाही सापडल्या. शनिवारी ते बंद असतं, तेवढं सांभाळा. जवळच कोकणी बोलणाऱ्या सारस्वतांची जुनी वस्ती आणि तिरुमल देवस्थान आहे. केरळात फिरताना कानावर अचानक ओळखीचे शब्द पडले की आपला मराठी माणूस थबकतोच.

चिनी जाळी सगळ्यांना फोटोतून माहीत असतात. जवळ जाऊन बघा. लांबच्या लांब लाकडी दांडा, समुद्राकडच्या टोकाला ताणलेलं जाळं आणि मागच्या टोकाला दोरांना बांधलेले मोठमोठे धोंडे, एकाखाली एक. दांड्यावरून एक माणूस पुढे चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरतं. चार-पाच जणांनी मागचा दोर ओढला की धोंडे जमिनीकडे येतात आणि जाळं वर. विहिरीवरची मोट ज्यांनी बघितली आहे त्यांना हे वजनाचं गणित लगेच कळेल.

सासूबाईंसाठी कोचीची सर्वांत मोठी सोय म्हणजे 2023 मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो. धक्का आणि बोट एका पातळीत असतात, पाय उचलून चढावं लागत नाही. एर्नाकुलमच्या बाजूने फोर्ट कोचीला गार वाऱ्यात, थोड्या पैशांत जाता येतं. वाटेत दिसणारं विलिंग्डन बेट माणसाने केलेलं आहे. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने बंदराची वाट खोल करताना निघालेल्या गाळावर ते उभं केलं.

पुदुच्चेरीत एवढे थर नाहीत, असं वरवर वाटतं. मुळात शहराच्या दक्षिणेला अरिकमेडू इथे रोमन लोकांशी व्यापार चालायचा. मॉर्टिमर व्हीलर यांनी 1945 मध्ये तिथे खणून मद्याचे रोमन रांजण आणि मणी बाहेर काढले. फ्रेंच 1674 मध्ये आले. इंग्रजांनी 1761 मध्ये गाव जमीनदोस्त केलं आणि फ्रेंचांनी ते पुन्हा वसवलं. मधोमध एक कालवा: पूर्वेला गोऱ्यांची वस्ती, पश्चिमेला तमिळांची. पर्यटक पूर्वेच्या पिवळ्या भिंतींपाशी फोटो काढून परततात. कालवा ओलांडून या. दारापुढे ओसरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला टेकायला कट्टा अशी तमिळ घरं तिथे आहेत. अरविंद बाबू (अरविंद घोष) 1910 मध्ये आणि कवी सुब्रमण्य भारती 1908 मध्ये इंग्रजांपासून लांब म्हणून याच गावात आले.

पण मला पुदुच्चेरी जवळची वाटते ती वेगळ्याच कारणाने. हे गिरणगाव होतं. इथलं निळीत रंगवलेलं 'गिनी' कापड फ्रेंच जहाजांनी थेट आफ्रिकेत सेनेगलला जायचं आणि तिथे त्याच्या बदल्यात डिंक मिळायचा. आपली सोलापूरची जुनी गिरणी 1877 ची, तिथली सावना गिरणी त्याच्याही आधीची. 30 जुलै 1936 ला संपावरच्या कामगारांवर फ्रेंच पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 12 कामगार गेले. त्या लढ्यातून कामगारांना आठ तासांचा दिवस मिळाला. 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चार हुतात्मे ज्या सोलापूरने बघितले, त्या गावच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते. कडलूर रस्त्यावर बंद पडलेल्या गिरणीच्या फाटकासमोर उभा राहिलो तेव्हा भोंग्यावर जेवणाची वेळ ठरायची ते दिवस आठवले आणि बराच वेळ तिथून पाय निघाला नाही.

पोहायच्या किनाऱ्याची आशा दोन्ही शहरांत धरू नका. पुदुच्चेरीत बंदराचे बांध झाले आणि दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू अडली. शहरापुढची बरीच पुळण गेली, तिथे काळे दगड रचले. फोर्ट कोचीचा किनाराही झिजलेला आहे. पोरांना पाण्यात खेळायचं असेल तर कोचीहून चेराईला जा, पुदुच्चेरीहून चुन्नांबारच्या पलीकडच्या वाळूवर. ओढ मोठी असते, गुडघ्याच्या वर पाण्यात सोडू नका.

जेवणात शाकाहारी घरांना पुदुच्चेरी सोपी, इडली-पोंगल कोपऱ्याकोपऱ्यावर. मासे खाणाऱ्यांनी कोची धरावी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र कुठेही गेलात तरी बरोबर घ्या.

कोचीला कन्याकुमारीची गाडी आपल्या स्टेशनावरूनच जाते, दिवस-रात्र बसून एर्नाकुलमला उतरा. पुदुच्चेरीला रात्रीच्या गाडीने चेन्नई, मग बसने तीन-चार तास. वाटेत महाबलीपुरम मिळतं, पण सामान आणि माणसं दोन-तीनदा चढवा-उतरवावी लागतात.

मेहुण्याला मी कोची सांगितली. सासूबाईंचे गुडघे, पोरांना बोटी आणि पाच दिवस पुरेल एवढं बघायला. तो एकटा असता किंवा दोघंच नवरा-बायको असते तर पुदुच्चेरी सांगितली असती, आणि माझ्यापुरतं विचाराल तर आजही पुदुच्चेरीच. तिथे समुद्र पूर्वेला आहे. पहाटे पावणेसहाला गांधीजींच्या पुतळ्याजवळच्या दगडांवर जाऊन बसा. त्या वेळी रस्ता गाड्यांना बंद असतो. कोचीत हेच संध्याकाळी सहाला, चिनी जाळ्यांच्या मागे. तिकीट साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे मार्गशीर्षातच काढायला घ्या.